अमेरिकेतल्या विद्यापीठाचा क्रीडा विभाग : तिथे काम कसं मिळवायचं आणि खेळायचं कसं

ऑगस्टमध्ये पुणे, नागपूर, कोल्हापूर, नाशिकहून एम.एस.साठी येणाऱ्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : कॅम्पसवर नोकरी कुठे मिळेल? सीनियर्सचं उत्तरही ठरलेलं. डायनिंग हॉल बघ, नाहीतर लायब्ररी. मग त्या दोन ठिकाणी अर्जांचा ढीग पडतो आणि मुलं ऑक्टोबर उजाडला तरी उत्तराची वाट बघत बसतात. खेळाच्या बाजूला आपली मुलं सहसा फिरकत नाहीत, कारण ‘आपण कुठे खेळाडू लागून गेलो!’ ही समजूत. पण त्या विभागात काम करायला खेळाडू असावं लागत नाही. वेळेवर येणारा, सकाळी सहाला डोळे उघडे असणारा आणि चार माणसांशी नीट बोलणारा माणूस त्यांना हवा असतो.

मी स्वतः दोन वर्षं रेक सेंटरच्या, म्हणजे विद्यापीठाच्या जिम-खेळाच्या केंद्राच्या पगारावर होते. पुढचं सगळं त्या अनुभवावरून आणि नंतर माझ्याकडे विचारायला आलेल्या मुलांच्या अडचणींवरून लिहिते आहे.

आधी दोन दारं ओळखा

बाहेरून बघणाऱ्याला विद्यापीठाचा क्रीडा विभाग एकच वाटतो. प्रत्यक्षात ती दोन वेगळी खाती असतात. हा फरक कळला नाही तर अर्ज चुकीच्या टेबलावर जातो.

पहिलं खातं ॲथलेटिक्स. विद्यापीठाच्या नावाने खेळणारे संघ, त्यांचे कोच, स्टेडियम, तिकीटविक्री, टीव्हीचे हक्क हे सगळं तिथे. हे संघ बहुतेक ठिकाणी एन.सी.ए.ए. या संस्थेच्या नियमांखाली खेळतात. ही संस्था 1906 सालची आहे. हा पसारा केवढा असतो याचा अंदाज मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमवरून यावा : ॲन आर्बर या मध्यम आकाराच्या गावात 1,07,601 प्रेक्षकांची सोय आहे आणि खेळणारी मुलं विद्यार्थी आहेत.

दुसरं खातं कॅम्पस रिक्रिएशन, बोलीभाषेत ‘रेक’. जिम, पोहण्याचा तलाव, बॅडमिंटन, क्लाइंबिंगची भिंत, विद्यार्थ्यांच्या आपापसातल्या स्पर्धा हे त्याचं काम. आपापसातल्या या स्पर्धांना इंट्राम्युरल म्हणतात. मिशिगन आणि ओहायो स्टेट या दोन विद्यापीठांनी 1913 मध्ये त्यासाठी वेगळे विभाग काढले. पुढे 1950 मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या डिलार्ड विद्यापीठात 11 कृष्णवर्णीय महाविद्यालयांचे लोक जमले आणि या क्षेत्राची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिचं आजचं नाव निर्सा. इंट्राम्युरलचे बरेच नियम आज तिच्याच पुस्तकातून येतात.

दोन्हींची ऑफिसं वेगळी, भरती वेगळी, साहेब वेगळे. छोट्या, डिव्हिजन थ्री (एन.सी.ए.ए.च्या तिसऱ्या गटातल्या) कॉलेजांत मात्र दोन्ही संसार एकाच छपराखाली असतात आणि वर्सिटीचा, म्हणजे कॉलेजच्या नावाने खेळणारा बास्केटबॉल संघ सराव करत असेल तेव्हा तुम्हाला कोर्ट मिळत नाही.

माझं मत स्पष्ट आहे : पहिली नोकरी रेकमध्ये शोधा. जागा जास्त, वर्षभर काम, आणि वेळ वर्गांप्रमाणे जुळवून मिळते. ॲथलेटिक्समधलं बरंचसं विद्यार्थी-काम सामन्यांच्या दिवसांवर लटकलेलं असतं. घरचा सामना नाही, तर तास नाहीत.

फी कुठे गेली ते बघा

फीच्या बिलात रिक्रिएशन फी किंवा स्टुडंट फी अशी ओळ असते का, ते उघडून बघा. बहुतेक मोठ्या विद्यापीठांत असते. म्हणजे जिमचे पैसे तुम्ही आधीच भरलेले आहेत, आणि तरीही आपली निम्मी मुलं अपार्टमेंटजवळच्या खासगी जिमला महिन्याचे पैसे देत असतात!

दोन बारकावे. उन्हाळ्यात एकही विषय घेतला नाही तर काही ठिकाणी कार्ड चालत नाही आणि त्या महिन्यांचे पैसे वेगळे भरावे लागतात. नवरा किंवा बायको एफ-2 व्हिसावर सोबत असेल तर त्यांना सभासदत्व विकत घेता येतं. पोहणं शिकता येतं, योगाच्या क्लासला बसता येतं. फक्त पगाराचं काम त्यांना करता येत नाही, कॅम्पसवरही नाही.

कोणतं काम कुणासाठी

फ्रंट डेस्क सगळ्यांना दिसतो, म्हणून अर्जही तिथेच जास्त. कार्ड स्वाइप करायचं, ‘माझं कार्ड विसरलं, आत सोडा ना’ म्हणणाऱ्या मित्राला हसत नाही म्हणायचं, फोन घ्यायचे, हरवलेल्या बाटल्यांची नोंद ठेवायची. इंग्रजी बोलण्याचा संकोच मोडायला याच्याइतकी चांगली जागा नाही. रात्री नऊनंतर डेस्कवर अभ्यास करू देतात का, हे मुलाखतीत न विचारता आतल्या मुलांना विचारा. ठिकाणाप्रमाणे बदलतं.

वेट रूमचा अटेंडंट डंबेल्स जागेवर लावतो, मशिन पुसतो आणि दर तासाला प्रत्येक दालनात किती माणसं आहेत ते मोजून टॅबवर भरतो. हे आकडे कुणी वाचत नाही असं वाटतं. पण सुट्टीत इमारत किती वाजता बंद करायची हे त्यावरूनच ठरतं.

इक्विपमेंट रूममध्ये टॉवेल धुण्यापासून रॅकेट देण्या-घेण्यापर्यंत सगळं. लाजाळू माणसाला हे काम मानवतं.

पोहता येत असेल तर लाइफगार्डचा विचार नक्की करा, कारण तिथे माणसं कायम कमी पडतात. नुसतं पोहता येऊन भागत नाही. अमेरिकन रेड क्रॉसचा कोर्स पुरा करावा लागतो. त्याच्या प्रवेशचाचणीत हात न वापरता दोन मिनिटं पाण्यात तरंगत राहायचं असतं आणि तळाशी ठेवलेली 10 पौंडांची, म्हणजे सुमारे साडेचार किलोची वीट वर आणायची असते. विहिरीत किंवा नदीत शिकलेल्यांना वीट सोपी जाते. त्यांची दमछाक होते ती अंतर पोहताना, कारण डोकं पाण्यात घालून श्वास घेण्याची सवय नसते. चाचणीआधी दोन-तीन आठवडे तेवढाच सराव करा. प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं आणि बऱ्याच ठिकाणी कोर्सचा खर्च रेकच उचलतं. आधी विचारून घ्या.

ऑफिसमधली कामंही असतात : पोस्टर, फोटो, वेबसाइट, डेटा. संगणकशास्त्राच्या मुलांनी इथे डोळे उघडे ठेवावेत. कोर्टच्या आरक्षणाचा डेटा एक्सेलमध्ये हाताने जुळवणारा एखादा बिचारा मॅनेजर सापडतोच. त्याला छोटी स्क्रिप्ट लिहून देणाऱ्या विद्यार्थ्याचे तास पुढच्या सेमिस्टरला आपसूक वाढतात.

ॲथलेटिक्सच्या बाजूला तिकीट स्कॅन करणं, सामन्याची आकडेवारी टिपणं, व्हिडिओ कॅमेरा चालवणं आणि खेळाडूंना विषय शिकवणं ही कामं विद्यार्थ्यांकडे जातात. बिग टेन या खेळांच्या परिषदेतल्या, म्हणजे आपापसात सामने खेळणाऱ्या गटातल्या विद्यापीठांत तर स्टुडंटयू या उपक्रमाखाली विद्यार्थीच सामन्यांचं प्रक्षेपण करतात. गणित, स्टॅटिस्टिक्स, अकाउंटिंग पक्कं असेल तर ट्यूटरचं काम चांगलं, पण त्यातले धोके पुढे सांगते.

जाहिरातीत ‘वर्क-स्टडी’ असं लिहिलं असेल तर ती सोडून द्या. ती सरकारी मदत आहे आणि आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांना मिळत नाही. आणखी एक सापळा स्टेडियममधल्या खाद्यपदार्थांच्या स्टॉलचा. स्टॉल विद्यापीठाच्या आवारात असला तरी अनेकदा तो बाहेरच्या कंपनीचा असतो. कॅम्पसवरच्या खासगी कंपनीतलं काम ऑन-कॅम्पस धरलं जायचं तर तिने विद्यार्थ्यांना थेट सेवा द्यायला हवी, जसं पुस्तकांचं दुकान किंवा कॅफेटेरिया. शनिवारी लाखभर बाहेरच्या प्रेक्षकांना हॉटडॉग विकणं त्यात बसतं का? स्वतः अंदाज बांधू नका. डी.एस.ओ.ला, म्हणजे आंतरराष्ट्रीय कार्यालयातल्या तुमच्या अधिकाऱ्याला ई-मेल करा आणि लेखी उत्तर जपून ठेवा.

शिट्टी हातात घेणार असाल तर

मला विचाराल तर सगळ्यात चांगलं काम इंट्राम्युरल रेफरीचं. त्याच्या वाट्याला अर्ज कमी येतात, कारण लोकांच्या शिव्या खायला कुणाला आवडेल? म्हणूनच भरती जवळजवळ कायम चालू असते. खेळ आधी माहीत असायलाही लागत नाही. नियम तेच शिकवतात, आणि प्रशिक्षणाच्या तासांचेही पैसे मिळतात.

सुरुवात बहुधा फ्लॅग फुटबॉलने होते, म्हणजे अमेरिकन फुटबॉल, पण खेळाडूला खाली न पाडता. प्रत्येक बाजूला सात खेळाडू, 20-20 मिनिटांचे दोन हाफ, मैदान 100 यार्ड लांब आणि 40 रुंद. दोन टोकांचे 10-10 यार्डांचे पट्टे सोडले तर मधल्या भागाचे 20 यार्डांचे चार झोन. चार प्रयत्नांत पुढची झोन रेषा ओलांडली तर पुन्हा चार प्रयत्न. कमरेच्या पट्ट्याला लटकवलेला फ्लॅग ओढला की चेंडू तिथेच मेला. एवढं समजलं की पहिल्या रात्री उभं राहता येतं. शाळेत कबड्डीला रेषेवर उभं राहून पाय आत की बाहेर बघितलेल्याला झोनची रेषा अजिबात जड जात नाही.

खरं काम सामन्याआधी सुरू होतं. खेळाडू रांगेत येतात. शर्ट आत खोचलेला आहे का, पट्टा दिसतो का, आणि मुख्य म्हणजे शॉर्ट्सला खिसे नाहीत ना, हे तुम्ही बघता. फ्लॅग ओढताना खिशात बोट अडकून मोडतं, म्हणून खिसेवाली शॉर्ट्स चालत नाही. दर वेळी एक तरी मुलगा ‘अरे जाऊ दे ना’ म्हणतो. त्याला परत पाठवलंत की पुढची चाळीस मिनिटं दोन्ही संघ तुमचं ऐकतात. सोडून दिलंत तर नवव्या मिनिटाला दुसरा संघ त्याच खिशाकडे बोट दाखवतो.

सामन्यात नवख्याची गाडी अडते ती फ्लॅग गार्डिंगवर. चेंडू घेऊन पळणारा नकळत हात खाली आणून फ्लॅग झाकतो. त्याला 10 यार्डांची शिक्षा. चेंडूकडे बघत राहिलात तर हा हात दिसतच नाही. चेंडू कुणाकडे आहे हे एकदा कळलं की नजर त्याच्या कमरेवर न्यायची. ही सवय यायला काही सामने जातात. तोवर सोबतचा अनुभवी रेफरी सांभाळून घेतो. निर्णय दिला की मोठ्याने आणि एकदाच सांगायचा. स्पष्टीकरण फक्त कॅप्टनला. खेळाडू अंगावर आला तर आवाज वाढवायचा नाही, दोन पावलं मागे घ्यायची आणि सुपरवायझरला हात करायचा. प्रत्येक संघाच्या वागणुकीला सामन्यानंतर गुण द्यायचे असतात, आणि ते कमी पडले तर संघ प्लेऑफला मुकतो. ही गोष्ट संघांना माहीत असते. तुम्ही आठवण करून द्यायची गरज नाही.

एक सावधगिरी. चांगला रेफरी झालात की गावातल्या हायस्कूल लीगचे लोक विचारतात, ‘शनिवारी ये, सामन्यामागे रोख देतो.’ तो कॅम्पसबाहेरचा रोजगार झाला. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर परवानगीशिवाय तो करता येत नाही. मोह कितीही झाला तरी नको.

अर्ज, मुलाखत आणि ती रिकामी चौकट

रेकमधली फॉलची, म्हणजे ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या सत्राची मोठी भरती आधीच्या एप्रिलमध्ये होते, आणि उरलेल्या जागा ऑगस्टच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात भरतात. त्यामुळे प्रवेश पक्का झाला की विद्यापीठाच्या जॉब पोर्टलवर खातं उघडा. अनेक ठिकाणी ते हँडशेक या वेबसाइटवर असतं. भारतातून अर्ज करायला हरकत नाही. आय-20 वरच्या (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या प्रवेशाच्या कागदावरच्या) सुरुवातीच्या तारखेआधी 30 दिवसांपर्यंत कॅम्पसवरचं काम सुरू करता येतं, हे फार कमी जणांना माहीत असतं.

बायोडेटा एका पानाचा. टक्केवारी, बोर्डाचा नंबर, जन्मतारीख, फोटो हे काही घालायचं नाही. गणपती मंडळात वर्गणीचा हिशेब ठेवला, कॉलेजच्या क्रीडा महोत्सवात सामन्यांचं वेळापत्रक लावलं, एन.सी.सी. केली, असं काही असेल तर ते वर घ्या. ‘मेहनती आणि प्रामाणिक’ असं कुणीही लिहितं. किती माणसांचं काय सांभाळलं, ते लिहा.

मुलाखतीत प्रसंग विचारतात. ‘बंद करायची वेळ झाली आणि दहा जण कोर्ट सोडत नाहीत, काय कराल?’ ‘ट्रेडमिलवर कुणी कोसळलं तर पहिलं काय?’ दुसऱ्याचं उत्तर पाठ असू द्या : जागा सुरक्षित आहे का बघायचं, माणूस शुद्धीवर आहे का बघायचं, एकाला बोट दाखवून 911 लावायला आणि दुसऱ्याला ए.ई.डी., म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र आणायला सांगायचं. नोकरी लागल्यावर सी.पी.आर. शिकवतातच : 30 दाब, 2 श्वास, मिनिटाला 100 ते 120 च्या गतीने, छाती किमान दोन इंच खाली जाईल एवढ्या जोराने. पुतळ्यावर पहिल्यांदा करताना हा जोर फार वाटतो. तेवढाच लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अर्जासोबत आठवड्याची एक चौकट भरायला देतात, तुम्ही कधी मोकळे आहात ती. बहुतेक मुलं तिथे फक्त दुपारच्या वेळा भरतात आणि बाद होतात. पहाटेची शिफ्ट, शुक्रवारची रात्र, रविवारची सकाळ यांतली एक तरी खूण करा. आणि खाली एक ओळ लिहा : थँक्सगिव्हिंग आणि हिवाळ्याच्या सुट्टीत मी कॅम्पसवरच असेन. अमेरिकन मुलं तेव्हा घरी जातात, इमारत मात्र उघडी ठेवावी लागते आणि मॅनेजर माणसं शोधत फिरत असतो. आपण तिकिटाच्या किमतीपायी तसेही इथेच असतो. ही आपली सगळ्यात मोठी जमेची बाजू, आणि ती कुणी लिहीत नाही.

कागदपत्रं : आधी नोकरी, मग नंबर

सोशल सिक्युरिटी नंबर नाही म्हणून नोकरी मिळत नाही, अशी समजूत आहे. क्रम उलटा आहे. नोकरी मिळते, मॅनेजर पत्र देतो, त्यावर डी.एस.ओ.चं पत्र लागतं, मग दोन्ही पत्रं, पासपोर्ट, आय-20 आणि आय-94 (देशात आल्याची नोंद) घेऊन सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयात जायचं. फी काही नाही. देशात आल्यावर साधारण दहा दिवस थांबून गेलं तर त्यांच्या संगणकावर तुमची नोंद सापडते, नाहीतर हेलपाटा पडतो. अर्ज केला की कार्ड येईपर्यंत काम थांबवायची गरज नसते.

आय-9 हा काम करण्याच्या पात्रतेचा फॉर्म कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत तुमच्या बाजूने भरलेला हवा आणि तीन कामकाजी दिवसांत मूळ कागद दाखवायचे असतात. झेरॉक्स चालत नाही. डब्ल्यू-4 या करकपातीच्या फॉर्मवर अनिवासी विद्यार्थ्याने ‘सिंगल’ निवडायचं, लग्न झालेलं असलं तरी, आणि एन.आर.ए. (नॉन-रेसिडेंट एलियन, म्हणजे अनिवासी) अशी खूण करायची. बहुतेक विद्यापीठांत हे ग्लेशियरसारख्या प्रणालीतून होतं. पगाराची पहिली स्लिप नीट वाचा. अनिवासी विद्यार्थ्याच्या पगारातून पहिली पाच कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर, म्हणजे मिळून 7.65 टक्के, कापायचे नसतात. ऑगस्टमध्ये आलात तरी ते पूर्ण एक वर्ष धरलं जातं. चुकून कापले असतील तर आधी पेरोल कार्यालयाकडे मागा.

दर राज्याप्रमाणे बदलतो. केंद्राचा किमान दर 2009 पासून ताशी 7.25 डॉलरवरच आहे आणि इंडियाना, टेक्सास अजून त्याच आकड्यावर आहेत. इलिनॉयमध्ये 2025 पासून तो 15 डॉलर झाला. विद्यापीठं बऱ्याचदा किमान दरापेक्षा थोडं जास्त देतात. पण या कमाईत फी निघेल अशी अपेक्षा धरू नका. किराणा आणि भाड्याचा हिस्सा निघाला तरी पुष्कळ.

वीस तास म्हणजे वीसच

सेमिस्टर चालू असताना आठवड्याला 20 तास. सगळ्या नोकऱ्या मिळून. रेकमध्ये 12 आणि डायनिंगमध्ये 10 म्हणजे 22, आणि दोन्ही मॅनेजरांना एकमेकांचा पत्ता नसतो. हिशेब तुमचा तुम्हीच ठेवायचा. ‘गेल्या आठवड्यात 15 केले, म्हणून या आठवड्यात 25’ असली सरासरी चालत नाही. पगाराचा आठवडा कोणत्या वारी सुरू होतो ते पहिल्याच दिवशी विचारा. टी.ए. किंवा आर.ए. (शिकवण्यातली किंवा संशोधनातली असिस्टंटशिप) मिळाली तर तिचे तासही यातच, त्यामुळे 20 तासांची असिस्टंटशिप असेल तर रेकमध्ये फक्त खेळायला जायचं.

धोका येतो तो अदलाबदलीतून. शिफ्ट सुटली की ती ग्रुपवर टाकतात, ‘कुणी घेईल का?’ आणि आपण भिडस्त माणसं पटकन हो म्हणतो. परीक्षेच्या आठवड्यात तर अशा मेसेजचा पाऊस पडतो. एकोणीस तास झालेले असताना तीन तासांची शिफ्ट घेतलीत तर मित्राची सोय होईल, पण तुमच्या व्हिसाच्या अटीचा भंग होईल. विद्यापीठाने जाहीर केलेल्या सुट्ट्यांत मात्र पूर्णवेळ काम चालतं. त्या तारखा डी.एस.ओ.च्या यादीवरूनच घ्या. आणि ‘जास्तीचे तास व्हॉलंटियर म्हणून कर’ असं कुणी सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा. पगाराचं काम फुकट केल्याने ते स्वयंसेवा होत नाही.

ॲथलेटिक्समध्ये असाल तर तोंड आणि पाकीट सांभाळा

ॲथलेटिक्सच्या पगारावर आलात की तुम्ही एन.सी.ए.ए.च्या नियमांत आलात. खेळांवर पैसे लावायचे नाहीत. पैसे भरून खेळायची फँटसी लीगही त्यात मोडते. रूममेट गप्पांत ‘त्याचा गुडघा बरा झाला का रे?’ असं विचारतो. त्याचंही उत्तर द्यायचं नाही, कारण आतल्या माहितीवर सट्टा चालतो. खेळाडू मित्राला गाडीतून विमानतळावर फुकट सोडणं, पैसे उसने देणं असल्या साध्या गोष्टीही कम्प्लायन्स, म्हणजे नियमपालन बघणाऱ्या कार्यालयाला विचारूनच.

ट्यूटर असाल तर पेन खेळाडूच्याच हातात राहू द्या. मिसुरी विद्यापीठात एका ट्यूटरने 12 खेळाडूंचा अभ्यास करून दिल्याचं उघड झालं आणि जानेवारी 2019 मध्ये फुटबॉल, बेसबॉल आणि सॉफ्टबॉल या तिन्ही संघांवर हंगामोत्तर स्पर्धांची बंदी आली. एका माणसाच्या ‘मदती’ने एवढं होऊ शकतं.

आता खेळायचं कसं

रेकमध्ये पहिल्यांदा जाताना पांढऱ्या किंवा डाग न पाडणाऱ्या तळव्याचे बूट, कुलूप आणि विद्यार्थी कार्ड एवढं पुरे. रस्त्यावरचे बूट कोर्टवर चालत नाहीत. सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात झुम्बा, योगा, स्पिनिंगचे क्लास बऱ्याच ठिकाणी फुकट असतात. सगळे करून बघा, मग पास घ्यायचा की नाही ते ठरवा.

बॅडमिंटनला आपली, चिनी आणि मलेशियन मुलं जमतात, आणि संध्याकाळी सातला कोर्ट मिळणं मुश्किल. वेबसाइटवर ‘ओपन रेक’चं वेळापत्रक असतं. बॅडमिंटनची जाळी कोणत्या दिवशी लागते ते बघून जा, नाहीतर बास्केटबॉलवाल्यांच्या मधे रॅकेट घेऊन उभं राहावं लागतं. काचेची मागची भिंत असलेल्या छोट्या खोल्या दिसल्या तर त्या बहुधा रॅकेटबॉलच्या. स्क्वॉशचं कोर्ट वेगळं, रुंद आणि आखूड. डोळ्यांना संरक्षक गॉगल लावल्याशिवाय रॅकेटबॉल खेळू नका.

बास्केटबॉलच्या पिकअपमध्ये, म्हणजे जमतील त्यांच्या ऐनवेळच्या सामन्यात शिरायचं तर बाजूला उभं राहून ‘नेक्स्ट कोणाचा?’ एवढं विचारायचं. पुढचा संघ गोळा करणारा कोणीतरी असतोच. त्याच्याकडे जागा आहे का विचारा, नसेल तर त्यानंतरचा सामना तुमचा असं जाहीर करा. जिंकणारा संघ कोर्टवर राहतो. जिममध्ये कुणी मशिनवर बसलेलं असेल तर ‘किती सेट राहिले?’ हा प्रश्न असभ्य नाही. मागे ताटकळत उभं राहणं असभ्य.

इंट्राम्युरलसाठी संघ नसला तरी ‘फ्री एजंट’ म्हणून नाव टाकता येतं. खालची लीग निवडा. वरच्या लीगमध्ये हायस्कूलला चार वर्षं खेळलेली मुलं असतात आणि आपल्याला चेंडू दिसत नाही. संघाने नाव देऊन न येणं मात्र महागात पडतं : फॉरफिटचा दंड असतो आणि दोनदा झालं की संघ बाद. क्रिकेटचा क्लब बहुतेक मोठ्या विद्यापीठांत आहे. तो विद्यार्थीच चालवतात आणि रेककडून त्याला मैदान आणि थोडे पैसे मिळतात. पार्किंगमध्ये टेनिस बॉल खेळून गाडीची काच फोडण्यापेक्षा तिकडे जा, नाहीतर जिमचा मोठा हॉल तासावर आरक्षित करा.

रेकचा आउटडोअर विभाग हा आपल्याकडून सर्वांत दुर्लक्षित राहिलेला. तंबू, स्लीपिंग बॅग, कनू (वल्ह्याची छोटी होडी) नाममात्र भाड्याने मिळतात. सह्याद्रीत ट्रेक केलेल्यांनी तर सेमिस्टरची त्यांची सहल चुकवूच नये.

सामने बघायचे असतील तर फुटबॉलच्या तिकिटांसाठी विद्यार्थ्यांची लॉटरी किंवा सीझन पास असतो, तो ऑगस्टआधीच संपायला लागतो. नाही मिळाला तर वाईट वाटून घेऊ नका. व्हॉलीबॉल, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स बघा, विद्यार्थ्यांना बहुधा फुकट. 30 ऑगस्ट 2023 ला नेब्रास्कात मुलींच्या व्हॉलीबॉल सामन्याला फुटबॉलच्या स्टेडियममध्ये 92,003 प्रेक्षक आले होते, त्यामुळे हा दुय्यम खेळ समजू नका. स्टेडियमला जाताना पाठीवरची सॅक घरी ठेवा. पारदर्शक पिशवी चालते, 12 इंच लांब, 12 उंच, 6 रुंद. मोठी अपारदर्शक पिशवी गेटवरून परत जाते, आणि ती ठेवायची तुमची जागा दोन मैलांवर असते.

वरची पायरी आणि शेवटचा पगार

दोन सेमिस्टर नीट काम केलंत की सुपरवायझरची जागा विचारा. दर थोडा वाढतो, चाव्या हातात येतात, आणि रात्री इमारत बंद करताना अपघाताचा रिपोर्ट कसा लिहायचा ते शिकायला मिळतं. ग्रॅज्युएट असिस्टंटशिप ही खरी लॉटरी : फीमाफी आणि महिन्याचं मानधन. क्रीडा व्यवस्थापन किंवा किनेसिऑलॉजीच्या (शरीराच्या हालचालींच्या शास्त्राच्या) मुलांना प्राधान्य असतं, पण मार्केटिंग आणि डेटाच्या जागांवर इतर विभागांचे विद्यार्थीही लागतात. त्यांच्या मुलाखती जानेवारी ते मार्चमध्ये होतात, म्हणून डिसेंबरमध्येच मॅनेजरच्या कानावर घालून ठेवा.

कर भरायचा तो 1040-एनआर फॉर्मवर, 15 एप्रिलपर्यंत, सोबत 8843 हा फॉर्म. भारतीय विद्यार्थ्यांना दोन देशांमधल्या करारातल्या कलम 21(2) मुळे स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, जे इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. निवासींसाठीच्या फुकट सॉफ्टवेअरने भराल तर चुकीचा फॉर्म जाईल. विद्यापीठ स्प्रिंटॅक्ससारख्या अनिवासींसाठीच्या सॉफ्टवेअरचा कोड देतं का ते बघा.

आय-20 वरची शेवटची तारीख ओलांडून एकही शिफ्ट करता येत नाही, पदवीदान समारंभ नंतर असला तरी. तोवर चाव्या, शिट्टी आणि विभागाचा पोलो शर्ट परत करा, नाहीतर शेवटच्या पगारातून त्याचे पैसे कापायला बघतात. आणि पेरोलच्या पोर्टलवर नवा पत्ता टाकून डब्ल्यू-2, म्हणजे वर्षाच्या पगाराची आणि कापलेल्या कराची पावती, ई-मेलने मागवा. ती पुढच्या जानेवारीअखेर निघते आणि कागदावर पाठवली तर तुमच्या जुन्या अपार्टमेंटमध्ये, तुमच्यानंतर राहायला आलेल्या मुलांच्या टपालात जाऊन पडते.